निम्म्या खाडीतून परत

सोलापूर
(तारीख ऋतुजाला विचारून वर घालीन, आत्ता ती कॉलेजात गेलीय)

कमरबीस सारजाचा सलाम. सलाम रागानं माघारी धाडलास तर मागनं नमस्कार येतोच आहे, तो तरी ठेवून घे. तुझे गुडघे कसे आहेत? निरगुडीचा पाला बांधतेस, का नुसतीच सुनेला तेल लावायला बसवतेस? खालिदला आणि यास्मीनला माझा आशीर्वाद सांग. पत्र वाचून दाखवणाऱ्या अरिबाच्या गालावरनं माझा हात फिरला असं समज. (अरिबा बाळ, दादीच्या डाव्या कानाशी बसून वाच, उजव्यानं तिला कमी ऐकू येतं. आणि कंसात जिथं तुझं नाव येईल ते फक्त तुझ्यासाठी, ते मोठ्यानं वाचायचं नाही, नुसतं हं म्हणायचं आणि पुढं सरकायचं.) इकडं आम्ही सगळे खुशाल. आमच्या मालकांचा, आबासाहेबांचा खोकला अजून आमच्यातच राहतो. ऊन आत्तापासनंच डोकं वर काढायला लागलंय, पंखा फिरतो पण वारा शेजाऱ्यांकडं जातो. माझं अक्षर बघून हसू नको, चौथीत शाळा सुटली तेव्हापासनं हा हात फक्त भाकरीवर चाललाय. ऋतुजा म्हणाली, आजी तू सांग, मी लिहिते. म्हणलं नको, म्हाताऱ्यांचं म्हाताऱ्यांनीच लिहावं.

आता मुद्द्याचं. खालिदनं आमच्या शिवराजला फोनवर सांगितलं, की अम्मी रुसलीय, फोनजवळ यायला तयार नाही. तुमच्या जेट्टीवर कुणी नाववाला येऊन बोलला म्हणे, की सोलापूरकडची एक म्हातारी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात गाठोडं, कमरबीकडं जायचंय म्हणत होती आणि निम्म्या खाडीतनं माघारी गेली. ते ऐकून तू जेवणाचं ताट सारलंस. कमरबी, ती म्हातारी मीच. दुसरी कोण असणार? तुझ्या दारापर्यंत आले आणि तोंड न दाखवता गेले, असंच तुला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं, मी तर ताट फेकलं असतं. पण माझं सगळं ऐकून घे, मग काय ती शिक्षा दे.

तुला माहीत आहे, आमची ऋतुजा दगडाचं शिकते. म्हणजे दगड कुठनं आला, कधी आला, त्याच्या पोटात काय आहे, असलं. आबासाहेब म्हणतात, आम्ही जन्मभर शेतातनं दगड वेचून बांधाला टाकले, आम्हाला कुणी पदवी दिली नाही. तर गड्ड्याची जत्रा संपली आणि तिच्या कॉलेजची सहल निघाली, समुद्राच्या काठचे दगड बघायला. शिवराजनं एका शब्दात नाही म्हणलं. त्यानं मोबाईलवर कुठली कुठली पोरं बुडाल्याच्या बातम्या बघितलेल्या. पोरगी जेवेना, बाप बोलेना, सून दोघांच्या मधे भांडी आपटत फिरायची. शेवटी तिचे सोमशेखर सर स्वतः घरी आले. चांगला माणूस, चहा बशीत ओतून पितो. ते म्हणाले, पोरींबरोबर ज्या मॅडम येणार होत्या त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं, आता बरोबर बाईमाणूस नसेल तर पोरींची सहलच रद्द करावी लागेल. मी तिथंच शेंगा सोलत बसलेली. सहज विचारलं, नेणार कुठं म्हणता? त्यांनी गावाचं नाव सांगितलं. कमरबी, ते गाव तुझ्या खाडीच्या अलीकडचं. तू फोनवर सांगायचीस ना, समोरच्या काठाला लग्नं झाली की बँड आमच्याकडं ऐकू येतो (तुला नाही, यास्मीनला), तेच. माझ्या मांडीवरची परात सरकली. मी म्हणलं, मी जाते पोरींबरोबर. शिवराज हसला. सर हसले नाहीत, कारण सरांची नड होती. ते एवढंच म्हणाले, आजी, पोरांना जे नियम तेच तुम्हाला. मी म्हणलं, कबूल. नियम काय असतात ते मग कळलं.

कॉलेजच्या मैदानात सगळ्यांना उभं करून सरांनी नियम सांगितले. समुद्राकडं पाठ करायची नाही, लाट सांगून येत नाही. कड्याच्या पायथ्याला थांबायचं नाही, वरनं दगड सुटतो, म्हणून डोक्यावर हेल्मेट. हिरव्या बुळबुळीत दगडावर पाय द्यायचा नाही. बूट काढायचे नाहीत. पाणी माघारी जात असताना खाली उतरायचं आणि ते वळायच्या आत वर यायचं. एकट्यानं कुठं जायचं नाही, प्रत्येकाला एक जोडीदार. आणि गळ्यात शिट्टी, अडचण आली की फुंकायची. मला ह्यात काहीच अवघड वाटलं नाही, फक्त हेल्मेटापाशी गाडं अडलं. माझ्या डोक्यावर पदर. पदरावर हेल्मेट घातलं तर ते बसेना, नुसतं तरंगायला लागलं. हेल्मेटावरनं पदर घेतला तर सर म्हणाले, आजी, पिवळं दिसलं पाहिजे, लांबनं ओळखू यावं म्हणून तर पिवळं. आणि पदर खांद्यावर टाकून उघड्या डोक्यानं सरांपुढं उभं राहायचं, तर ह्या वयात नव्या सवयी कशाला? अर्धा वर्ग माझ्याभोवती गोळा झाला. शेवटी ऋतुजानं डोक्याला रुमाल बांधला, वर हेल्मेट घातलं आणि पदर हेल्मेटाच्या पट्ट्याला मागं पिनेनं अडकवला. पुढनं बघितलं तर खाणीतला मजूर, मागनं बघितलं तर वरमाय. नऊवारीवर ऋतुजाचे जुने बूट, ते वेगळंच. आणि जोडीदार म्हणून मला घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा सरांनीच मला घेतलं. म्हणजे एका हातानं पोरांना दगड दाखवायचा आणि दुसऱ्या हातानं मला धरायचं.

घरी मी सवय व्हावी म्हणून हेल्मेट घालूनच भाजीला जायची. आमच्या वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या ठेवते, मी तिच्या खालनं जाताना थांबून वर बघायची, हेल्मेट नीट करायची आणि मग पुढं व्हायची. तिला ते टोचलं असावं. एके दिवशी कुंड्या आत गेल्या. आबासाहेब म्हणाले, जे सोसायटीला इतकी वर्षं जमलं नाही ते हिनं समुद्र न बघताच केलं.

बस निघाली. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा गेल्या, कराड गेलं, मग घाट. घाट उतरताना कानात दडे बसले, पोरी काय बोलतात ते कळेना, नुसती तोंडं हलताना दिसायची. तेव्हा तुझी लई आठवण आली. मनात म्हणलं, ही बिचारी रोज अशीच बसत असेल, सगळे हसले की आपणही हसायचं. (अरिबा, हे वाचलंस तर वाचलंस, पण हळू.) आणि मग समुद्र आला. मला वाटलेलं, आपल्या उजनीसारखंच, जरा मोठं असेल. कमरबी, त्याला पलीकडचा काठच नाही गं. उजनीला निदान पलीकडं कुणाची तरी मोटर दिसते, कुणाची तरी म्हैस दिसते, माणसाला धीर वाटतो. इथं नुसतं पाणी, आणि ते आपल्याकडंच चाललेलं. मी बघतच राहिले. पोरी फोटो काढायला लागल्या आणि मला वाटलं, एवढं सगळं तू रोज बघतेस आणि मला फोनवर फक्त मासळीचा भाव सांगतेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आम्हाला खाली नेलं. पाणी लांब मागं गेलेलं आणि काळ्या दगडाचा मोठा सपाट ओटा उघडा पडलेला, लाटांनी घासून घासून केलेला. सरांनी त्यावर हातोडी आपटली आणि म्हणाले, हा दगड आणि आपल्या सोलापूरचा दगड एकच. माणूस जन्माला यायच्याही किती आधी जमीन फाटून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला, तो हा. पोरांनी लिहून घेतलं. मला लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, मी नुसती वाकून दगडाला हात लावला. कमरबी, तुझ्या पायाखाली आणि माझ्या पायाखाली एकच दगड आहे. आणि आपण इकडं तिकडं तोंडं करून लांब लांब म्हणून बसलोय. इमामसाबभाऊजी गेले आणि खालिद तुला तिकडं घेऊन गेला, त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. गावाकडं माझ्या दारापुढनं जाताना तू "सारजा, हायस का गं?" म्हणायचीस, तशी हाक मला नंतर कुणी मारली नाही. शहरात बेल वाजवतात.

आता माझी चूक कशी झाली ते तुलाच कळेल, सरांना काही केल्या कळली नाही. आपल्याकडं उजनीचं पाणी उतरलं की उतरलं. पाऊसकाळ येईपर्यंत ते कुठं येतंय? मोटरी पुढं सरकवायच्या, उघड्या पडलेल्या गाळात काकडी टाकायची. आणि बुडालेला जुना रस्ता वर आला की आपण दोघी त्यावरनं पलीकडच्या बाजाराला जायचो, तू पुढं, मी मागं, डोक्यावर पाट्या, वाटेत भाऊजी जाळं आवरताना दिसायचे आणि तू उगाच पदर सारखा करायचीस. परत येताना कधी घाई केली का आपण? सरांनी भरतीचं सांगितलेलं मी ऐकलं होतं की. पण ऐकणं वेगळं आणि आतनं पटणं वेगळं. मला वाटलं, येईल की पाणी, येईल पंधरवड्यानं. आणि तेवढ्यात खाडीच्या पलीकडं मला पांढरा मिनार दिसला, त्याच्याशेजारी निळी पाण्याची टाकी. तू सांगितलेलं तसंच्या तसं. मधे वाळूचा पट्टा थेट तिकडं गेलेला, कुठं कुठं नुसतं चकाकणारं पाणी. एवढं जवळ, की तू भाकरी थापलीस तर आवाज यावा.

सर भिंग घेऊन दगडावर वाकले होते. भिंगाला एक हात, दगडाला एक हात, म्हणजे माझा हात सुटला. मी गाठोडं उचललं (कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तुझ्यासाठी एक लुगडं, इरकली, हिरवं) आणि निघाले. कुणाला सांगितलं असतं तर नको म्हणले असते, म्हणून सांगितलं नाही. पाण्यापाशी आले तर बूट घालून पाय टाकायला माझं मन होईना. भीमेत आपण कधी चपलेनं उतरलो का? बूट काढून वाळूवर ठेवले, पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि मिनाराकडं बघत चालायला लागले. म्हणजे बघ, एकटी, अनवाणी आणि समुद्राकडं पाठ. मोडायचे तेवढे नियम मी एका दमात मोडले. हेल्मेट तेवढं डोक्यावर राहिलं, तेही पदराला अडकलं होतं म्हणून.

निम्म्यावर गेले तर पुढं पाणी जरा खोल लागलं. कासोटा आवळला. मागं वळून बघितलं आणि मी ज्या वाळूवरनं आले ती वाळूच नव्हती. आवाज नाही, लाट नाही, पाणी आपलं गुपचूप मागनं येऊन बसलेलं. बूट कुठं गेले ते समुद्रालाच ठाऊक. एक काळा खडक होता त्यावर चढले. त्याला कसली टोकदार शिंपली चिकटलेली, तळपाय सोलून निघाले. शिट्टी तोंडात घातली तर नुसती हवा गेली, पुढचे दात नाहीत ना. बाजूच्या दाढेत धरून फुंकली तेव्हा वाजली. काठावर सगळे वळले. ऋतुजा पळत सुटली, ती थेट पाण्यातच शिरणार होती, आणि सरांनी तिला मागनं धरलं. ती हातपाय झाडत होती, दोन पोरी येऊन तिला लटकल्या, तरी सरांनी सोडली नाही, दुसऱ्या कुणालाही पाण्यात उतरू दिलं नाही. दुसऱ्या हातानं फोन लावत होते, तोच हात हलवून नावांना बोलवत होते. मला तेव्हा सरांचा इतका संताप आला, म्हणलं हा कोण माझ्या नातीला दाबून धरणारा. आता लिहिताना कळतंय. तिला पोहता येत नाही, कमरबी. सोडली असती तर ती गेली असती, आणि मी खडकावर बसून बघितलं असतं.

एक मासेमारीची नाव आली. नाववाला जवान पोरगा, त्यानं मला जाळं ओढावं तसं आत ओढून घेतलं. मी म्हणलं, मला पलीकडं कमरबीकडं जायचं होतं. तो म्हणाला, खालिदभाईंच्या अम्मी का? सगळ्यांना ठाऊक आहेस बघ तू. नाव मधोमध उभी. इकडच्या काठाला माझी नात वाळूत बसलेली, तिकडच्या काठाला तुझा मिनार. त्यानं विचारलं, "आजी, कुठं सोडू? ह्या बाजूला का त्या बाजूला?"

मी ऋतुजाच्या बाजूला हात केला. नाव तिकडं गेली. कमरबी, एवढंच झालं.

काठावर उतरले तर ऋतुजानं आधी मिठी मारली आणि मग पाठीत धपाटे घातले, आणि म्हणाली, "परत असं केलंस ना, तर मी दगड शिकायचं सोडून देईन." मी सरांना विचारलं, रस्त्यानं वळसा घालून कमरबीकडं जाता येईल का हो? सरांनी माझ्या पायाकडं बघितलं, पायातनं रक्त चाललेलं, मग आधी दवाखाना, मग बस, मग अंधार. मी हट्ट केला नाही. हट्ट करायचं तोंड मी पाण्यातच टाकून आले होते. त्या संध्याकाळी सरांनी पोरांना नियम पुन्हा म्हणून दाखवले आणि शेवटी एक नवा घातला, समोर ओळखीचं गाव दिसलं तरी पायी निघायचं नाही. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी हेल्मेट पुढं ओढलं.

घरी आल्यावर ऋतुजानं बापाला सगळं सांगितलं. मला वाटलं, संपलं पोरीचं शिक्षण. शिवराजनं सरांना फोन केला, बराच वेळ नुसतं हं हं केलं, आणि निकाल दिला. ऋतुजानं कुठल्याही समुद्रावर जावं, सगळे नियम पाळून. आजीनं भाजी मंडईच्या पुढं जायचं नाही. पोरगी आनंदानं नाचली, आणि तिच्याकडं बघून मीही हसले. रात्री आबासाहेब माझ्या पायाला हळद लावत होते, लावता लावता विचारलं, मिनार लई उंच हाय काय गं? म्हणलं, व्हय. तर म्हणाले, मग लांबनं दिसलाच असंल.

तर असं झालं. आता समुद्राकडं मला कुणी सोडणार नाही. दुपारी सगळे निजले की माझं मन त्या वाळूवर जाऊन उभं राहतं, आणि तिथनं तुझं घर दिसतं. राग सोड.

तुझीच
सारजा

ता. क. लुगडं आणि चटणी मी नाववाल्याच्या हाती दिली होती, पोचली का? भाकरी भिजल्या म्हणून ठेवून घेतल्या. त्यानं चटणी खाल्ली असली तर त्याला काही बोलू नको, त्यानं मला उचललंय आणि मी काही हलकी नाही. लुगडं मात्र माग.

दुसरा ता. क. शिवराजनं मला तिकडं जायची बंदी केलीय, तुला इकडं यायची बंदी कुणीच केलेली नाही. खालिदची मासळीची गाडी टेंभुर्णीपर्यंत येते असं तोच शिवराजला म्हणाला. पुढच्या खेपेला क्लीनरला घरी ठेवायचं आणि त्याच्या जागी तुला बसवायचं. मी चौकात येऊन उभी राहते, टेंभुर्णी मंडईच्या पुढं आहे पण समुद्र नाही, शिवराजला मी बघून घेईन. पत्र एवढ्यासाठीच लिहिलंय, वरचं नाही ऐकलंस तरी चालेल. (अरिबा, गुडघ्यांची सबब सांगायला लागली तर हे परत वाच.)

शेवटचा ता. क. (अरिबा, हे अगदी कानाशी वाच, आणि आमच्या ऋतुजाचा फोन आला तर तिला सांगू नको.) कमरबी, त्यानं कुठं सोडू म्हणून विचारलं तेव्हा माझा हात आधी तुझ्याकडं गेला. त्यानं नाव वळवलीही. चांगली वळवली, जेट्टी दिसायला लागली, जेट्टीवर कुणीतरी बाई उभी होती, ती तूच असं मी धरलंय. मग मागनं ऋतुजाची शिट्टी ऐकू आली, थांबतच नव्हती, तेव्हा मी हात फिरवला. हे नाववाल्याला माहीत आहे, आता तुला माहीत आहे. ह्याउपरही रुसायचंच असेल तर ये, आणि माझ्या समोर बसून रूस.